पणजीतील दोन सरकारी प्राथमिक शाळांपैकी एक निवडताना काय पाहावे?

मांडवीकाठ:
मुलीला येत्या वर्षी पहिलीत घालायचे आहे. आमच्या भागात चालत जाण्याजोग्या दोन सरकारी मराठी शाळा असून शेजारचे पालक केवळ पट पाहून त्यांची तुलना करतात. मला हा निकष फार अपुरा वाटतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात आणि गोव्यातील प्राथमिक शाळेत चार इयत्ता असतात. त्यामुळे पट वीस असो वा पन्नास, एका शिक्षिकेकडे दोन इयत्ता येतातच. म्हणून पहिलीला अक्षरओळख चालू असताना दुसरीची मुले काय करतात आणि तिसरीच्या अखेरीस मूल अनोळखी परिच्छेद अर्थ समजून वाचते का, हे दोन प्रश्न विचारूनच शाळा निवडावी, असे माझे ठाम मत आहे.

फोंड्याची शिक्षिका:
आपला दुसरा प्रश्न योग्य आहे; पहिल्यामागे मात्र बहुवर्ग अध्यापनाबद्दलची भीती दिसते आणि ती मला मान्य नाही. मी अनेक वर्षे जोडवर्ग शिकवले आहेत. दुसरीचे मूल पहिलीतल्या मुलाला वाचून दाखवते तेव्हा त्याचे स्वतःचे वाचन पक्के होते, आणि दहा-बारा मुलांत कोण कुठे अडखळते, हे बाईंना त्याच दिवशी कळते. जोडवर्ग खरा विस्कळीत होतो तो शिक्षिका निवडणुकीच्या, सर्वेक्षणाच्या वा कार्यालयीन कामाला जाते आणि चारही इयत्ता एकाच्याच गळ्यात पडतात तेव्हा. त्यामुळे वर्षभरात शिक्षिका किती दिवस वर्गाबाहेर होत्या, हे आधी विचारावे.

ताळगावकर:
आपण दोघीही चौथीपर्यंतच पाहत आहात. पाचवीपासून बहुतेक हायस्कुलांत माध्यम इंग्रजी असते. गणित आणि विज्ञान अचानक दुसऱ्या भाषेत शिकण्याचा भार मुलावरच पडतो. १९९० पासून प्राथमिक स्तरावरील अनुदान मराठी-कोकणी शाळांपुरते होते, तरीही पालक इंग्रजीकडे वळतच राहिले आणि २०११ मध्ये सरकारला ते इंग्रजी माध्यमालाही खुले करावे लागले. शिवाय अनुदानित शाळांच्या मुलांना बालरथाची, म्हणजे शाळेच्या बसची, सोय आहे. पालकांचा हा कौल अज्ञानातून आला, असे मी मानत नाही. अनुदानित इंग्रजी शाळा वगळून केलेली तुलना मला अर्धवट वाटते.

मांडवीकाठ:
पाचवीतील बदलाची अडचण खरी आहे, परंतु त्यावरचा उपाय पहिलीतच माध्यम बदलणे हा नव्हे. घरात मराठी-कोकणी बोलणाऱ्या मुलाला बेरीज-वजाबाकीची कल्पना आपल्या भाषेत पक्की झाली, तर पाचवीत त्याला नवे शब्द शिकावे लागतात, नवे गणित नाही. सरकारी शाळेत इंग्रजी विषय शिकवला जातो. तो किती गांभीर्याने शिकवतात, हा मुद्दा मात्र माझ्या प्रश्नांत नव्हता आणि तो आता मी तिसरा प्रश्न म्हणून धरते.

ताळगावकर:
घरी मदत करू शकणाऱ्या पालकांना हा युक्तिवाद परवडतो. दोघेही दिवसभर कामावर असलेल्या घरातील मुलाला पाचवीत शिकवणी लावावी लागते, तिचा खर्च कोण करणार?

फोंड्याची शिक्षिका:
ही मदत शाळेनेच करायला हवी. सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समितीचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा तीच समिती तयार करते. चौथीच्या दुसऱ्या सत्रात रोज अर्धा तास गणितातील इंग्रजी संज्ञांना देण्याचा ठराव पालकांनी तेथे मांडावा. दोन्ही शाळांच्या समित्यांच्या बैठका खरोखर होतात का, हे मांडवीकाठताईंनी प्रवेशापूर्वी अवश्य पाहावे. जिथे त्या होतात, तिथे आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मागता येतील.