'फारो' म्हणजे राजा की घर?

प्रश्न: मराठी बायबलमध्ये मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, राजाला 'फारो' म्हटलंय. हे त्याचं नाव की हुद्दा? मूळ अर्थ काय?

प्रतिसाद १: अहो, मुळात तो पत्ता आहे! प्राचीन इजिप्शियनमध्ये 'पर' म्हणजे घर, 'आ' म्हणजे थोरला. 'पर-आ' म्हणजे थोरलं घर, राजवाडा. 'वाड्यावरून निरोप आलाय' म्हणतो तेव्हा तो काही भिंतींनी धाडलेला नसतो, तसंच हे. इसवी सनापूर्वी पंधराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास वाड्याचा शब्द आत राहणाऱ्यालाच चिकटला. त्याच्या हजारेक वर्षं आधीच्या, पिरॅमिडवाल्या खुफूला लोक 'नेसू' म्हणत. फारो म्हटलं असतं तर त्याने मागे वळून वाड्याकडे पाहिलं असतं.

प्रतिसाद २: 'पर' की 'पेर'? मी 'पेर' वाचलंय.

प्रतिसाद १: दोन्ही चालेल. त्या चित्रलिपीत स्वर लिहीतच नाहीत. 'प' आणि 'र' एवढंच हाती लागतं, मधला 'ए' अभ्यासकांनी सोयीसाठी घातलेला. खरी मजा चित्रात आहे. खालच्या बाजूला दाराची फट ठेवलेला आयत आणि त्याखाली एक उभी रेघ, की झालं 'घर'. त्याच आयताखाली 'र'साठी तोंड आणि चालणारे दोन पाय काढले, की 'बाहेर पडणे'. पाय वाचायचे नाहीत, नुसते बघायचे. व्यंजनं तीच, अर्थ पायांनी ठरतो.

प्रश्नकर्ता: आणि मांजराला 'मिउ' म्हणत, हे खरं? मग आपली माऊ तिकडचीच की!

प्रतिसाद २: मिउ खरं. मादी असली की शेवटी 'त' लागतो, जसं भाऊ 'सन' आणि बहीण 'सनत'. पण माऊची सोयरिक जुळवू नका, मांजर सगळीकडे तसंच ओरडतं. खरा धागा हवा असेल तर 'आबनूस' घ्या. इजिप्शियन 'हबनी', त्याचा ग्रीकमध्ये 'एबेनोस', पुढे अरबी-फारसीतून आपल्याकडे आबनूस.

प्रश्नकर्ता: आजोबांच्या काठीला घरात आबनुसी म्हणायचे! म्हणजे तेच लाकूड?

प्रतिसाद १: शब्द तोच, झाड बहुधा वेगळं. नूबियाकडून, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडच्या मुलखातून, इजिप्तमध्ये यायचं ते 'हबनी' आपल्या शिसवाच्या जातकुळीतलं. आपल्याकडचं आबनूस टेंभुर्णीच्या.