थिंजानला यांगूनमध्ये काय करावं? (साबा, म्हणजे सासूबाई, आणि सहा वर्षांची लेक सोबत)

रानजाई
नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही नुकतेच म्यानमारमध्ये यांगूनला आलोय. एप्रिलच्या मध्यावर इथलं नवं वर्ष, थिंजान. शेजारच्या आजींनी घरी बोलावलंय. पाण्याचा दंगा व्हिडिओत पाहिलाय, पण साबा सत्तरीच्या आणि पक्क्या शाकाहारी, लेक सहा वर्षांची. कुठे जावं, काय टाळावं? आजींकडे काय न्यावं? आणि सुट्टीत मंडालेला जायची फार इच्छा आहे, लोकमान्यांमुळे. जाऊ का?

इरावतीकाठ
आम्ही बरीच वर्षं यांगूनमध्ये होतो. आधी वाणसामान, औषधं आणि रोख पैसे घरात आणून ठेवा. साधारण १३ ते १६ एप्रिल पाणी आणि १७ ला नवं वर्ष असतं. तेवढे दिवस बाजार, बँका, बहुतेक दुकानं बंद.

मोठ्या रस्त्यांवरच्या मांडवांत लेकीला नेऊ नका. तिथे पाइपाने जोरात पाणी मारतात, ते कानाडोळ्यांत जातं. शिवाय २०२१ च्या लष्करी उठावानंतर गर्दीची ठिकाणं सुरक्षित राहिलेली नाहीत आणि बरेच स्थानिक लोक सरकारी मांडवांकडे फिरकतच नाहीत. तुमच्या गल्लीतली मुलं बादल्या घेऊन बसतीलच, लेकीला त्यांच्यात सोडा. भिक्खू, गरोदर बायका, आजारी माणसं यांच्यावर पाणी टाकायचं नाही, एवढं तिला आधी सांगा.

आजींचं आमंत्रण मात्र अजिबात चुकवू नका! खरं थिंजान घरातच असतं. जुन्या पद्धतीत वाटीत सुगंधी पाणी घेऊन जांभळीच्या कुळातल्या थब्येच्या डहाळीने खांद्यावर हलकेच शिंपडतात. सरत्या वर्षाचा मळ धुऊन निघावा हा त्यामागचा भाव. दाराशी फुलापानांनी भरलेलं मडकं दिसेल, ते थजामिनच्या, म्हणजे इंद्राच्या स्वागताचं. तो या दिवसांत पृथ्वीवर उतरतो आणि चांगली माणसं सोन्याच्या वहीत, वाईट माणसं कुत्र्याच्या कातड्याच्या वहीत लिहून नेतो, असं मानतात. लेकीला ही गोष्ट नक्की सांगा.

कोकणकडा
साबांसाठी एक: नव्या वर्षी तरुण मंडळी वडीलधाऱ्यांना न्हाऊ घालतात, नखं कापून देतात. केस धुवायला तयो नावाच्या झाडाची साल आणि शिकेकाई एकत्र उकळतात. हो, आपलीच शिकेकाई! साबांना आजींशी बोलायला भाषाच लागणार नाही. आजींसाठी फळं आणि चांगला साबण किंवा टॉवेल न्या. देताना दोन्ही हातांनी, वाकून.

रानजाई
किती छान! साबा आत्ताच शिकेकाई शोधायला निघाल्यात. त्यांच्या खाण्याचं काय?

इरावतीकाठ
मों लोन ये पो बिनधास्त खा. चिकट तांदळाच्या पिठाचे गोळे, आत ताडगूळ, उकळत्या पाण्यात शिजून वर तरंगले की काढायचे, वरून ओलं खोबरं. फक्त गमतीने काही गोळ्यांत गुळाऐवजी तिखट मिरची भरतात, म्हणून लेकीचा घास आधी तुम्ही फोडून बघा. नारळाच्या दुधातलं मों लेत सौंगही चालेल. सॅलडमध्ये मात्र सुकी कोळंबी किंवा माशाचं पाणी हमखास असतं. साबांसाठी ‘थेत-थत-लुत’ एवढं सांगा, शाकाहारी जेवण मिळेल. गल्लीगल्लीत सगळ्यांना फुकट खाऊ घालतात, त्याला सतुदिथा म्हणतात. नाही म्हणू नका, थोडं तरी घ्या.

मुक्कामपोस्ट
मंडालेबद्दल: यंदा नको. २८ मार्च २०२५ च्या ७.७ तीव्रतेच्या भूकंपाने त्या शहराचं अतोनात नुकसान झालं, आणि आसपासच्या भागात लढाईही चालू राहिली. टिळक १९०८ ते १९१४ ज्या तुरुंगात होते तो किल्ल्याच्या आत होता, आणि किल्ला आज लष्कराच्या ताब्यात आहे. तुमची ओढ मला कळते, गीतारहस्य तिथेच लिहिलं गेलं. पण सत्तरीच्या बाईंना घेऊन हा प्रवास करू नये, असं मी मनापासून सांगेन. एरवी किल्ल्याभोवतीच्या खंदकाच्या काठावरच तिथलं सगळं थिंजान भरतं.

कोकणकडा
+१. त्यापेक्षा १७ ला सकाळी लवकर यांगूनच्याच श्वेडगॉन पॅगोड्याला जा, उन्हाच्या आधी. वर अनवाणीच जावं लागतं आणि फरशी फार तापते. साबांना लिफ्टने नेता येईल. बुद्धमूर्तींवर पाणी घालायची ठिकाणं वाराप्रमाणे ठरलेली असतात, प्रत्येकाचा जन्मवार घरूनच बघून ठेवा. बुधवारचा जन्म असेल तर सकाळचा की दुपारनंतरचा तेही लागेल.

रानजाई
मंडाले रद्द. लेक बुधवारचीच आहे, पहाटेची. साबांचा वार मामांना फोन करून विचारते.