मुलगा १८ वर्षांचा होतोय, कायदेशीर पालकत्वासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझ्या मुलाला ऑटिझम आहे, मार्चमध्ये त्याला १८ पूर्ण होतील. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आहे, निरामय हा दिव्यांगांसाठीचा सरकारी आरोग्य विमाही आहे (१ लाखापर्यंतच्या संरक्षणात थेरपीचा खर्चही धरतात, ज्यांनी काढला नसेल त्यांनी जरूर काढा). राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार १८ नंतर आईवडिलांनाही पालकत्वासाठी जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. सातारा-सांगलीकडे कुणी तो केलाय का? मुलाला समितीपुढे न्यावंच लागतं का? अनोळखी जागी, गर्दीत तो फार घाबरतो. समिती घरी येऊन भेटते का? आमच्या माघारी कोण, याचीही नोंद त्याच वेळी करता येते का? त्याची बहीण अजून दहावीत आहे, तिच्यावर एवढ्यात हा भार टाकायचा नाही. अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.