अनुभव धागा: परदेशी रस्त्यावरची जुनी अमेरिकी टॅक्सी. तुम्ही कुठल्या सीटवर होतात?

बाबा ८६ वर्षांचे आहेत. परवा जेवण झाल्यावर खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी डावा हात हवेत उचलला आणि मला गिअर टाकून दाखवले. स्टिअरिंगजवळची दांडी स्वतःकडे ओढून खाली, पहिला. पलीकडे ढकलून वर, दुसरा. तिथून सरळ खाली, तिसरा. १९६१ पासून तेरा वर्षं त्यांनी मुंबईत डॉज किंग्जवे चालवली, काळी-पिवळी. मालकाची गाडी, पण धुवायचे स्वतः, आणि धुतल्यावर हात पुसायचं फडकं वेगळं, काच पुसायचं वेगळं.

आता मुंबईची टॅक्सी म्हटलं की सगळ्यांना पद्मिनी आठवते. तिच्याआधी या मोठ्या गाड्या होत्या. शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ पासून गाड्या जोडल्या, १९५४ मध्ये ते काम बंद झालं. कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने क्रायस्लरशी करार करून डॉज, डिसोटो, प्लिमथ काढल्या. डॉज किंग्जवे, डिसोटो डिप्लोमॅट आणि प्लिमथ सॅवॉय या तिघींचा पत्रा जवळजवळ एकच, पुढची जाळी आणि बिल्ला तेवढा वेगळा. बाबा सांगतात, एकीचं दार दुसरीला बसायचं, म्हणून गाडी कधी अडून राहिली नाही. अडवलं ते पेट्रोलने. सहा सिलिंडरचं इंजिन आणि समोर फियाट इलेव्हन हंड्रेड. १९७३ नंतर पेट्रोलचे भाव भडकले तेव्हा मालकाने डॉज काढून टाकली. बाबांना त्याने आदल्या दिवशीसुद्धा सांगितलं नाही. सकाळी गेले तर जागा रिकामी. हे सांगताना ते अजून थांबतात.

अमेरिकेत जन्मलेली आणि दुसऱ्याच देशात टॅक्सी म्हणून झिजलेली गाडी तुमच्याही आठवणीत असेल तर लिहा. मॉडेल आठवत नसलं तरी चालेल. कुठे बसला होतात, शेजारी कोण होतं, एवढं सांगा. मी बाबांना वाचून दाखवणार आहे.

पुणे, शिक्षिका (निवृत्त)

परदेशातलं नाही, पण गाडी अमेरिकीच, म्हणून लिहिते. लग्नानंतर माहेरी दादरला जायचं तर आम्ही टॅक्सीने जायचो. पुढे ड्रायव्हरशेजारी दोघं, मागे चौघं, आणि "एक सीट, एक सीट" अशी हाळी. शेवटची सीट भरल्याशिवाय गाडी हलायची नाही. आमच्या गाडीत डिझेल इंजिन बसवलेलं होतं. मद्रासच्या सिम्पसनचं पर्किन्स, असं ड्रायव्हर अभिमानाने सांगायचा. बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळाशी तो गाडी हळू करून खिडकीतून नाणं टाकायचा आणि उतार संपेपर्यंत कुणाशी बोलायचा नाही. खोपोलीला गाडी थांबली की आधी रेडिएटरला पाणी, मग आम्हाला वडा. पोटात बाळ होतं त्या खेपेला त्याने मला पुढे खिडकीशी बसवलं आणि खिडकीवाल्या गृहस्थांना मागे पाठवलं. त्यांनी हूं की चूं केलं नाही. तुमच्या बाबांना नमस्कार सांगा.

चिपळूण, दर्यावर्दी

इस्तंबूल, १९८४. आमचं जहाज हैदरपाशाला लागलं होतं. तिथे 'दोल्मुश' नावाची शेअर टॅक्सी असते. शब्दाचा अर्थच 'भरलेली'. तिथे भरलेल्या भाजीला दोल्मा म्हणतात, तोच धातू. आपल्या भरल्या वांग्यासारखं, माणसं गच्च भरली की निघायचं. तेव्हा त्या ओळीत सगळ्या शेवरोले, डॉज, प्लिमथ, डिसोटो. चाळीस-पन्नासच्या दशकातल्या. बऱ्याच गाड्या मधोमध कापून लांब केलेल्या, म्हणजे मध्ये आणखी एक बाकडं. टॅक्सीला चौकड्यांचा पट्टा आणि दोल्मुशला सलग पिवळा पट्टा, त्यावरून ओळखायचं.

मला सगळ्यात काय आवडलं सांगू? पैसे. मागच्या बाकावरचा माणूस नोट पुढच्याच्या खांद्याशी धरायचा, तो पुढे, तो त्याच्या पुढे. ड्रायव्हर एका हाताने मोड काढायचा आणि ती त्याच वाटेने परत. माझ्या हातून चार अनोळखी माणसांचे पैसे गेले-आले. भाषेचा एक शब्द येत नव्हता, पण उतरताना शेजारच्या म्हाताऱ्याने माझ्यासाठी "इनेजेक वार" अशी आरोळी दिली. उतरणारा आहे, असा अर्थ. नव्वदच्या दशकात त्या गाड्या रस्त्यावरून गेल्या, पिवळ्या मिनीबस आल्या. नंतर एकदा गेलो होतो, पण पैसे तसेच हातोहात जात होते, हे बघून बरं वाटलं.

नाशिक

माझे सासरे १९८२ ते ८४ बगदादला बांधकामावर होते. तिथल्या टॅक्सी पांढऱ्या, चारही मडगार्ड नारिंगी. त्यांच्या तोंडी सतत 'मालिबू' असायचं. इतकंच माहीत आहे.

टोरांटो

नाशिकच्या ताई, तुमच्या सासऱ्यांच्या मालिबूची भावंडं मी इथे पाहिली आहेत! इराकने १९८१ च्या शेवरोले मालिबूंची पंचवीस हजारांहून मोठी ऑर्डर दिली होती. त्या इथे कॅनडात, ओशावाच्या कारखान्यात बनल्या. साधारण अर्ध्या तिकडे पोचल्या आणि मग इराकने उरलेल्या नाकारल्या. गिअरच्या तक्रारी होत्या म्हणतात. इराणशी युद्ध चालू होतं, पैशाची चणचण हेच खरं कारण असाही इथल्या लोकांचा तर्क आहे. उरलेल्या कॅनडातच सुमारे ६,८०० डॉलरला विकल्या. मी आलो तेव्हा आमच्या इमारतीखाली एक उभी असायची. फरशीवरचा तीन गिअरचा दांडा, एसी, कॅसेट प्लेअर. वाळवंटासाठी बांधलेली गाडी बर्फात. तिचा मालक रोज सकाळी तिच्यावरचं बर्फ हाताने काढायचा, खरवडणी लावायचा नाही, रंग जाईल म्हणून.

कोथरूड, मेकॅनिकल इंजिनिअर

हवाना, जानेवारी २०१८. बायको आणि मी. तिथे दोन तऱ्हा आहेत. पार्के सेंत्रालला उभ्या असतात त्या उघड्या टपाच्या, गुलाबी, चकचकीत. त्या पर्यटकांसाठी, तासावर, डॉलरच्या हिशोबात. आणि दुसऱ्या 'आल्मेंद्रोन', म्हणजे मोठा बदाम, आकारावरून. त्या ठरलेल्या मार्गावर धावतात आणि त्यात हवानाची माणसं कामावर जातात. आम्ही कापितोलिओपासून वेदादोला अशाच एका १९५२ च्या शेवरोलेत गेलो. माणशी दहा पेसो, आपले पंचवीस-तीस रुपये. रस्त्यावरून हात करायचा तोही खुणेने, सरळ की वळून जायचंय ते बोटाने दाखवायचं.

क्रांती १९५९ ची, अमेरिकेची नाकेबंदी पुढच्या दोन-तीन वर्षांतली. त्यानंतर सुटे भाग बंद. २०११ पर्यंत क्रांतीपूर्वीचीच गाडी मोकळेपणाने विकता-घेता येत होती, म्हणून तीच आजोबांकडून नातवाकडे आली. मी ड्रायव्हरला बॉनेट उघडायला लावलं. आत टोयोटाचं डिझेल इंजिन. माउंटिंगचे पाय हाताने घडवलेले, वेल्डिंगची शिवण इतकी सरळ की मी बोट फिरवून पाहिलं. त्याने ते त्याच्या भावाचं काम म्हणून सांगितलं आणि फडक्याने माझं बोट पुसून दिलं. वीस वर्षं मी कारखान्यात वेल्डिंग तपासतोय. ती शिवण मी पास केली असती.

धागाकर्ती

बाबांना सगळं वाचून दाखवलं. शिंग्रोबापाशी त्यांनी हात जोडले. वेल्डिंगचं दोनदा वाचायला लावलं. विचारतायत, हवानाच्या गाडीला दांडी स्टिअरिंगजवळच होती का?

कोथरूड

नाही, नवीन इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही बदललेला, दांडा फरशीवर. स्टिअरिंगची जुनी दांडी मात्र त्याने काढली नव्हती. तशीच ठेवली होती, तिला टोपी अडकवायचा.

औरंगाबाद

आम्ही मार्चमध्ये हवानाला जातोय. आल्मेंद्रोनमध्ये बसताना काय लक्षात ठेवायचं?

कोथरूड

दहा पेसो विसरा. २०२१ मध्ये दोन चलनांचं एक झालं आणि त्यानंतर भाव फार चढले. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसांना आधी भाडं विचारा आणि सुटे जवळ ठेवा. आतल्या बाजूला दाराची मूठ नसेल तर ओढाताण करू नका, ड्रायव्हर बाहेरून उघडतो. आणि दार आपटू नका. हळू लावा, लागलं नाही तर त्याला सांगा. आमच्या गाडीत तशी पाटीच होती, हाताने लिहिलेली, प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलेली.