जुनाट खांदेदुखीवर न्यूराल्थेरापी: अपेंडिक्सच्या व्रणात इंजेक्शन कशासाठी?

प्रश्न (स्टुटगार्टहून)

नमस्कार. माझा उजवा खांदा आणि मान काही वर्षांपासून दुखते. एमआरआयमध्ये शस्त्रक्रिया करण्याजोगे काही आढळले नाही, वेदनाशामक गोळ्यांनी पित्त होते आणि फिजिओथेरपीचे व्यायाम दुखण्यामुळेच अर्धवट राहतात. येथील आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी न्यूराल्थेरापी, म्हणजे स्थानिक भुलेच्या इंजेक्शनांचा उपचार, सुचवली आहे. आधी खांद्याभोवती प्रोकेन या भुलेच्या औषधाची इंजेक्शने द्यायची आणि गुण न आल्यास लहानपणीच्या अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेच्या व्रणात, असे ते म्हणतात. पोटावरच्या व्रणाचा खांद्याशी काय संबंध?

उत्तर १ (भूलतज्ज्ञ, पुणे)

ताई, ही दोन्ही इंजेक्शने एकाच नावाखाली दिली जात असली, तरी त्यांच्यामागचा आधार सारखा नाही. दुखऱ्या जागी स्थानिक भूल देणे ही आमच्याकडील वेदना-उपचार केंद्रांतही नेहमीची गोष्ट आहे. प्रोकेन किंवा लिग्नोकेन (म्हणजेच लिडोकेन) मज्जातंतूंमधील सोडियमचे मार्ग काही काळ बंद करते, त्यामुळे वेदनेचा संदेश पुढे जात नाही आणि आखडलेला स्नायू सैल पडू शकतो. प्रोकेनचा अंमल साधारण तासाभरात ओसरतो. आराम त्याहून अधिक टिकला, तर त्या अवधीत अडलेले व्यायाम करून घ्यावेत. माझ्या मते या इंजेक्शनांचा खरा उपयोग तेवढाच आहे. डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी जॉन केनेडी यांच्या पाठदुखीवर स्नायूंतील दुखऱ्या बिंदूंत प्रोकेनच टोचले होते. मात्र अशा इंजेक्शनांच्या चाचण्यांचा 2001 मध्ये जो एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात सुईतून कोणते औषध दिले यावरून परिणामात फरक दिसला नाही. तेव्हा गुण औषधाचा की नुसत्या सुईचा, हा प्रश्न उरतोच.

उत्तर २ (कोलोनहून)

व्रणाची कल्पना फर्डिनांड हुनेके या जर्मन डॉक्टरांची. 1925 मध्ये त्यांनी बहिणीच्या अर्धशिशीवर प्रोकेन असलेले औषध शिरेतून दिले आणि तिचे डोके तत्काळ उतरले; पुढे बंधू वाल्टर यांच्यासह त्यांनी ही पद्धत विकसित केली. 1940 मध्ये खांदा दुखणाऱ्याच एका रुग्णाच्या पायावर, हाडाच्या जुन्या संसर्गाच्या व्रणाभोवती इंजेक्शन देताच खांद्याची वेदना क्षणार्धात थांबली. यावरून जुना व्रण, दात किंवा टॉन्सिल दूरच्या अवयवातले दुखणे जागते ठेवतात, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. अशा जागेला जर्मनमध्ये 'ष्ट्योअरफेल्ड' म्हणतात. वेदना पूर्ण थांबून किमान 20 तास (दातांच्या बाबतीत 8 तास) परतता कामा नये आणि पुन्हा टोचल्यावर तसाच अनुभव यायला हवा, हा त्यांचा निकष.

निकष कडक वाटतो, परंतु जुनाट दुखणे आपोआपही चढते-उतरते, आणि सुई टोचून घेण्याचा मनावर होणारा परिणामही लहान नसतो. काही रुग्णांना मिठाच्या पाण्याचे इंजेक्शन देऊन तुलना केल्याशिवाय यातले काय कशामुळे झाले हे सांगता येत नाही, म्हणून व्रणाचा सिद्धान्त मला तरी सिद्ध वाटत नाही. खर्चाबद्दल क्रांकनकासेकडून (आरोग्य विमा संस्थेकडून) आधीच लेखी उत्तर घ्यावे.

आणखी एक. हाइलप्राक्टिकर, म्हणजे डॉक्टर नसलेले परवानाधारक उपचारक, हेही न्यूराल्थेरापी करतात. मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळणारे 2 टक्क्यांपर्यंतचे प्रोकेन किंवा लिडोकेन केवळ निरोगी त्वचेत, पित्ताच्या गांधीएवढा फुगवटा उठेल इतकेच टोचण्यासाठी आहे. खोलवर सुई घालणे हे डॉक्टरांचेच काम.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. खांद्याची इंजेक्शने घेऊन पाहावीत असे वाटते, व्रणाचे तूर्त नको. मी मार्कुमार ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते, हे सांगायचे राहिले.

उत्तर ३ (भूलतज्ज्ञ, पुणे)

मग हे डॉक्टरांना सुई घेण्यापूर्वीच सांगावे. मार्कुमारने रक्त गोठण्यास वेळ लागतो आणि स्नायूंत खोलवर टोचल्यास आत रक्तस्राव होऊ शकतो. ताजा आयएनआर (रक्त गोठण्याच्या वेळेची तपासणी) पाहून डॉक्टर ठरवतील. गोळी स्वतःहून बंद करू नये. दंतवैद्याच्या भुलेने पूर्वी अंगावर पुरळ उठले असल्यास तेही सांगावे, कारण प्रोकेनच्या विघटनातून होणाऱ्या पदार्थाची काहींना ॲलर्जी असते आणि त्यांच्यासाठी लिडोकेन वापरता येते. मान व खांद्याच्या फऱ्याभोवती सुई खोल गेल्यास फुफ्फुसाला इजा होण्याचा धोका क्वचित असतो. नंतर धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर घरी वाट न पाहता 112 वर फोन करावा.