डॅशहुंड की शिह त्झू? घरात जिना आहे आणि सासूबाई काठी घेऊन चालतात

नमस्कार. कुत्रा या दोनपैकी कोणत्या जातीचा आणायचा ते पंधरा दिवसांत ठरवायचं आहे आणि घरात दोन तट पडलेत, म्हणून विचारते आहे. ज्यांनी यातली जात स्वतः पाळली आहे त्यांनी जरूर सांगा.

आम्ही चौघं. मी आणि नवरा सकाळी बाहेर पडतो ते संध्याकाळीच येतो. मुलगी ८ वर्षांची, शाळेत. सासूबाई ७४ वर्षांच्या, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काठी घेऊन चालतात. कुत्रा मागितला मुलीने, पण खरी वाट बघतायत त्या सासूबाई. सासरे गेल्यापासून दुपारी त्यांना घर खायला उठतं. म्हणजे कुत्रा कुणाच्याही नावाने आणला तरी दिवसभर तो त्यांच्याजवळच असणार. घर दुमजली आहे. आमच्या खोल्या वर, त्यांची खाली.

मुलीला डॅशहुंड हवा आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही. माझ्या माहेरी होता, मोती. सहा वर्षांचा असताना पलंगावरून उडी मारली आणि त्याचे मागचे पाय गेले. मणक्यातली गादी फाटली होती. आधीचे दोन दिवस उचललं की कळवळायचा, जिन्यापाशी नुसता उभा राहायचा. आम्हाला वाटलं पोट दुखत असेल. तेव्हाच डॉक्टरकडे नेलं असतं तर, हा विचार अजून सुटत नाही. पुढची दोन वर्षं आई त्याच्या पोटाखाली टॉवेलची झोळी धरून त्याला बाहेर न्यायची.

नंतर कळलं की ज्या आनुवंशिक गुणामुळे त्यांचे पाय आखूड राहतात, त्यामुळेच मणक्यांमधल्या गाद्या फार लवकर कडक होतात. म्हणजे कितीही चांगल्या ठिकाणाहून पिल्लू आणलं तरी हा धोका त्याच्याबरोबर येतोच. त्यात ही मूळची शिकारी जात. जर्मनमध्ये 'डाक्स' म्हणजे बॅजर, बिळात राहणारा एक प्राणी. त्याच्या बिळात एकट्याने शिरायचं म्हणून पैदा केलेला कुत्रा, त्यामुळे हट्टी, आवाज मोठा आणि खणायची भारी हौस. सासूबाईंना तो जुमानेल का?

नवऱ्याला शिह त्झू आवडतो. ४ ते ७ किलो वजन, मांडीवर बसायचीच आवड, फार पळवावं लागत नाही. पण केस वाढतच राहतात, रोज विंचरले नाहीत तर गुंता होतो, आणि सासूबाईंची बोटं सांध्यांमुळे नीट वळत नाहीत. नाक आखूड असल्याने उकाड्यात धाप लागते. डोळे मोठे आणि पुढे आलेले, त्यांना पटकन इजा होते. शिवाय मुलीला अधूनमधून ॲलर्जीच्या शिंका येतात. एका विक्रेत्याने छातीठोक सांगितलं, "याचे केस गळत नाहीत, ॲलर्जी होणारच नाही." मला ते पटलं नाही, कारण ॲलर्जी मुळात लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते.

जिना असलेल्या घरात डॅशहुंड आणणं हा त्याच्यावर अन्याय होईल का? आणि शिह त्झूच्या केसांचं रोज किती काम पडतं?

प्रतिसाद

ताई, माझ्याकडे गेली नऊ वर्षं डॅशहुंड आहे, घरात जिनाही आहे. वर आणि खाली लहान मुलांसाठी लावतात तसं फाटक, सोफ्याला उतरती फळी, गळपट्ट्याऐवजी हार्नेस म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, आणि वजन अजिबात वाढू द्यायचं नाही. एवढं केलं तर निभतं. पण त्याला उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली असावाच लागतो, पाठ आडवी सरळ राहायला हवी. तुमच्या सासूबाईंचा एक हात काठीवर. दुपारी घरात दुसरं कुणी नाही. माझा जीव या जातीवर आहे, तरी तुमच्या घरासाठी मी नाहीच म्हणेन.

प्रतिसाद

शिह त्झूचे केस लांब ठेवायलाच हवेत असं नाही. आम्ही दर पाच-सहा आठवड्यांनी आखूड कापून घेतो. मग रोज दहा मिनिटं पुरतात, तेही संध्याकाळी तुम्ही करू शकता. डोळ्यांभोवतीचा भाग मात्र रोज ओल्या कापडाने पुसायचा. डोळा मिटून घेतला किंवा लाल दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्यावर ढकलायचं नाही. निवडताना तो शांत बसलेला असताना श्वास ऐका. तेव्हाही घरघर येत असेल किंवा नाकपुड्या चिरेसारख्या बारीक असतील तर घेऊ नका.

पण जातीपेक्षा मला वयाची काळजी वाटते. पिल्लू पायात घुटमळतं, काठी चावतं, साडीचा काठ ओढतं. सासूबाई पडल्या तर? तीन-चार वर्षांचा, घराची सवय असलेला कुत्रा बघा. गळ्यात घुंगरू बांधा, म्हणजे तो कुठे आहे ते त्यांना ऐकू येईल. ॲलर्जीचं कळायला मुलीला आधी त्याच्याजवळ तीन-चार वेळा तास-तासभर बसवा, आणि तिच्या डॉक्टरांनाही विचारा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. दोन हातांचा मुद्दा वाचून मी बराच वेळ गप्प बसले. मोतीला उचलताना आम्हीही पुढच्या पायांना धरूनच उचलायचो, कुणी सांगितलंच नव्हतं. मुलीला काल समजावलं. रडली थोडी. मग म्हणाली, "आजीला उचलता येईल असाच आणू."

सासूबाईंना मोठ्या वयाच्या कुत्र्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "मला कुठे लहान मूल वाढवायचंय, मला सोबत हवी."

माहितीतल्या एका कुटुंबाला त्यांचा चार वर्षांचा शिह त्झू चांगल्या घरी द्यायचा आहे. रविवारी चौघंही बघायला जातोय. आता एकच विचारते. तो घरी आला की मी चार दिवस रजा घेऊ शकते. एवढ्यात तो सासूबाईंबरोबर एकटा राहायला रुळेल का, की पहिले काही दिवस दुपारी कुणालातरी सोबतीला बोलवावं? मोठ्या वयाचा कुत्रा ज्यांनी घरी आणला असेल त्यांनी कृपया लिहा.