गर्दी ओसरल्यावरचे पाणी : गळ टाकणाऱ्यांचे अनुभव

दसऱ्याचे देवीविसर्जन आटोपून चार-सहा दिवस झाले की पवई तलावाचा काठ एकदम रिकामा दिसू लागतो. पावसाळ्यात तलाव भरून वाहू लागल्यापासून तो पाहायला येणाऱ्यांची रीघ, मग गणपती, मग नवरात्र, अशी तीन-साडेतीन महिने चाललेली वर्दळ थांबते, तराफे निघून जातात आणि पाणकावळे पुन्हा आपापल्या खांबांवर येऊन बसतात. याच दिवसांत आम्हा गळ टाकणाऱ्यांचा हंगाम खऱ्या अर्थाने सुरू होतो.

माझे सासरे या तलावावर तीस वर्षे बसले. त्यांचे ठाम मत असे होते की माणसे गेली म्हणूनच मासा काठाला येतो. मी ते मत जावयाच्या अदबीने ऐकून घेतले, मात्र ते पटले की नाही हे मला आजही सांगता येत नाही, कारण माणसे जातात त्याच सुमारास पाऊसही जातो, पाणीही निवळते, आणि यातले नेमके काय माशाला काठाकडे आणते हे काठावर बसून कळत नाही. म्हणून हा धागा काढला आहे. गजबजलेल्या तलावावरची गर्दी ओसरल्यानंतर आपल्याला काय अनुभव आला, ते पवईचे असो वा आणखी कुठले, सविस्तर लिहावे. आमिष, वेळ आणि पाण्याचा रंग आठवत असल्यास अवश्य नोंदवावा, काही न मिळालेले दिवसही लिहावेत आणि माशाचे वजन काट्यावर केले असेल तरच सांगावे, ही विनंती. परवानगीवाचून टाकलेल्या गळाच्या गोष्टी येथे नकोत. विहार आणि तुळशी हे तर राष्ट्रीय उद्यानातले, पिण्याच्या पाण्याचे तलाव आहेत, तेथील शौर्यकथा घरीच ठेवाव्यात.

चांदिवली, निवृत्त फिटर

मी पवईवर १९८८ पासून बसतो आणि पहिल्या दिवसापासून वही ठेवली आहे. त्या वहीच्या आधारे लिहितो. गणपतीच्या दहा दिवसांत मला चिलापी नेहमीसारखी मिळाली आहे, अगदी विसर्जनाच्या दिवशी सकाळीसुद्धा, ढोलताशे वाजत असताना. रोहू मात्र त्या काळात माझ्या गळाला जवळपास लागलेलाच नाही. रोहूची पहिली नोंद बहुतेक वर्षी कोजागिरीच्या आगेमागे सापडते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, आपल्याकडच्या तीन मोठ्या माशांपैकी कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, त्याचे तोंडही वर वळलेले असते. रोहू मधल्या थरातला आणि मृगळ तळाचा. परंतु शरदात पाणी निवळू लागले की रोहूही काठालगतच्या उथळ भागात येऊन तळाशी तोंड लावतो. मी भुईमुगाची पेंड आणि कणीक यांचा सुपारीएवढा गोळा करतो, तो फार घट्ट मळत नाही, कारण पाण्यात दहा मिनिटांत त्याची कड विरघळू लागली पाहिजे. फ्लोट, म्हणजे दोऱ्यावरची पाण्यावर तरंगणारी खूण, अशा बेताने लावतो की दोऱ्याला वजनासाठी लावलेले शिसे जेमतेम तळाला टेकेल. नवख्या माणसाला वाटते की मासा लागला म्हणजे फ्लोट बुडणार. रोहूच्या बाबतीत बरेचदा उलटे घडते. तो गोळा उचलतो, त्याबरोबर शिसेही उचलले जाते, फ्लोटवरचा भार हलका होतो आणि बुडण्याऐवजी तो अर्धा इंच वर येऊन हळूच आडवा पडतो, झोप लागलेल्या माणसाची मान कलावी तसा. त्या क्षणी मनगटाने झटका द्यायचा असतो. गेल्या वर्षी कोजागिरीनंतरच्या तिसऱ्या सकाळी सव्वासातला असाच फ्लोट आडवा पडला, आणि मी रिळाचा ब्रेक आदल्या दिवशीचाच घट्ट ठेवल्यामुळे दोरा कडकन तुटला. चूक सर्वस्वी माझी. दुसऱ्या दिवशी त्याच जागी साडेतीन किलोचा रोहू मिळाला, ताणकाट्यावर वजन केले आणि परत सोडला. तो कालचाच होता असे मी म्हणणार नाही, त्याच्या ओठात माझा गळ नव्हता.

वहीतली आणखी एक गोष्ट मला नेहमी कोड्यात टाकते. आम्ही सगळे पहाटे साडेपाचला जाऊन जागा धरतो, पण ऑक्टोबरात पहिली ओढ सातच्या आधी क्वचितच येते.

बोरिवली, संगणक अभियंता

माझा अनुभव मुंबईचा नाही, पण विषयाला धरून आहे. कामानिमित्त दोन वर्षे अमेरिकेतील मिसूरी राज्यात होतो आणि तेथील लेक ऑफ द ओझार्क्स या जलाशयावर पुष्कळ शनिवार घालवले. ओसेज नदीवर १९३१ मध्ये बॅग्नेल धरण पूर्ण झाले, त्याचे हे पाणी. दऱ्याखोऱ्यांत इतके वळत गेले आहे की त्याचा काठ साधारण १,८५० किलोमीटर भरतो. महाराष्ट्राचा समुद्रकिनारा ७२० किलोमीटर असे आपण शाळेत शिकलो, त्याच्या अडीचपट. हा काठ बहुतांशी खासगी मालकीचा आहे आणि घरोघर तरंगते धक्के बांधलेले आहेत.

उन्हाळ्यात तेथे मासेमारी करणे म्हणजे गणपतीत लालबागला सायकल चालवण्यासारखे. मोठमोठ्या मोटारबोटी दिवसभर धावत असतात, त्यांच्या लाटा दोन्ही काठांवर आपटून परत येतात, आणि लहान होडीत उभे राहिलेल्या माणसाला गळापेक्षा स्वतःचा तोल सांभाळावा लागतो. स्थानिक लोक म्हणूनच उन्हाळ्यात रात्री किंवा अगदी पहाटे जातात. सप्टेंबरचा पहिला सोमवार ही त्यांची कामगार दिनाची सुटी. ती झाली की शाळा सुरू झालेल्या असतात, बोटींवर आच्छादने चढतात, आणि पुढल्या मंगळवारी तोच जलाशय ओळखू येत नाही.

मला वाटले, आता मासेच मासे. प्रत्यक्षात पहिले तीन शनिवार मी रिकाम्या हाताने परतलो. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी माझी कीव येऊन समजावले की बोटी गेल्या म्हणून काही होत नाही, पाणी थंड व्हावे लागते. उन्हाळाभर खाली थंड आणि वर गरम असे पाण्याचे दोन थर झालेले असतात आणि खालच्या थरातला प्राणवायू संपत आलेला असतो. शरदात वरचे पाणी थंड व जड होऊन खाली उतरू लागते आणि एके दिवशी सारा जलाशय ढवळला जातो. त्या काही दिवसांत पाण्याला वास येतो, मासे विखुरतात आणि कोणालाच काही मिळत नाही. त्याच सुमारास शॅड नावाच्या लहान माशांचे थवे मुख्य पात्रातून बाजूच्या ओढ्यांच्या खोबणींत शिरतात आणि बास हा शिकारी मासा त्यांच्या मागोमाग जातो. क्रॅपी नावाचा चविष्ट, तळहाताएवढा मासा धक्क्यांखाली बुडवून ठेवलेल्या झाडांच्या फांद्यांत थव्याने थांबतो. त्या गृहस्थांनी मला ऑक्टोबरअखेरीस अशा एका खोबणीच्या टोकाशी नेले. पाण्यावर शॅड पावसाच्या थेंबांसारखे उडत होते, आणि त्या दोन तासांत मला जे मिळाले ते आधीच्या दोन महिन्यांत मिळाले नव्हते. तेथे परवाना घेणे आणि किती मासे ठेवायचे याची मर्यादा पाळणे सक्तीचे आहे, हेही नमूद करतो.

दादर, मूळचे मावळचे

मुंबईकरांना शरद ऋतू फारसा कळत नाही, आपल्याकडे त्या दिवसांत ‘ऑक्टोबर हीट’ असते. पवना धरणावर तर बोरिवलीकरांच्या वर्णनाच्या बरोबर उलट घडते. पाऊस संपला, की गर्दी सुरू होते. तुंग, तिकोना आणि लोहगड यांच्यामधल्या त्या पाण्याकाठी शुक्रवार संध्याकाळपासून तंबू उभे राहतात, ध्वनिवर्धक लागतात, आणि रविवारी दुपारपर्यंत काठावर पाय ठेवायला जागा नसते. त्यामुळे आमचा शरद ऋतू आठवड्याला एकदा येतो आणि तो सोमवारी सकाळी सुरू होतो.

माझे मामा धरणाजवळच्या गावात राहतात. मी एका रविवारी रात्री हट्टाने गळ टाकला तेव्हा ते एवढेच म्हणाले, “टाक बाबा, तुझा दोरा आहे.” अर्ध्या तासात अंधारातून आलेल्या एका बोटीच्या पंख्यात माझा सगळा दोरा गुंडाळून गेला आणि रीळ रिकामे झाले. सोमवारी मामांनी मला अकरापर्यंत काठाकडे फिरकू दिले नाही. त्यांचे म्हणणे असे की तंबूवाले रात्री उरलेला भात, पाव आणि मक्याची कणसे पाण्यात टाकतात, ते खायला मासा सोमवारी आपणहून तेथेच येतो, फक्त काठावरची धावपळ थांबून दोन-चार तास जावे लागतात. आम्ही साधा उकडलेला मका गळाला लावला आणि तंबूंच्या जागेसमोरच बसलो. दुपारपर्यंत दोन मृगळ आणि पुष्कळ चिलापी. म्हणजे गर्दी गेली म्हणून मासा आला, की गर्दी आली होती म्हणून आला, हे धागाकर्त्यांनीच ठरवावे.

अंधेरी, मत्स्यविज्ञानाची पदवीधर

वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत शिकले, त्यामुळे थोडे मास्तरकी पद्धतीने लिहीत आहे, क्षमस्व. चांदिवलीच्या काकांची वही मला येथील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, कारण तिने नकळत एक प्रयोगच केला आहे.

रोहू, कटला आणि मृगळ हे सगळे एका कुळातले मासे. या कुळात हवेची पिशवी आणि अंतर्कर्ण यांना जोडणारी लहान हाडांची साखळी असते. पाण्यातल्या ध्वनीने पिशवी थरथरते आणि ती थरथर या हाडांतून थेट कानापर्यंत पोहोचते. म्हणून या माशांचे कान तीक्ष्ण असतात. चिलापीला ही साखळी नाही, तिला पुष्कळच कमी ऐकू येते. काठावर ढोल वाजत असताना चिलापी चरत राहते आणि रोहू आत खोल पाण्यात निघून जातो, यात आश्चर्य नाही. बोरिवलीच्या गृहस्थांचे बास आणि क्रॅपी यांनाही ही साखळी नसते, तेव्हा तेथे बोटींच्या आवाजापेक्षा तापमान आणि खाद्य यांचाच प्रभाव जास्त दिसावा हेही जुळते.

मात्र सासरेबुवांचे मत पूर्ण खरे मानता येणार नाही. पावसाळ्यात ओढ्यांचे गढूळ पाणी येते, त्यानंतर निर्माल्य कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. तो भरून यायला काही दिवस लागतात. सातच्या आधी ओढ का येत नाही, त्याचेही कारण हेच असावे. जलपर्णीने आणि शेवाळाने भरलेल्या तलावात वनस्पती रात्रभर श्वास घेतात, दिवसा मिळणारा प्राणवायू मात्र बंद असतो, त्यामुळे पहाट ही माशांची सर्वांत गुदमरलेली वेळ असते. ऊन वर आले की त्यांना भूक लागते. तेव्हा जागा धरायची नसेल तर साडेपाचला उठू नये, असा माझा सल्ला आहे.

आणखी एक मुद्दा राहिला. हे तिन्ही मासे साचलेल्या पाण्यात सहसा वीण घालत नाहीत, त्यांना वाहत्या पुराचे पाणी लागते. तलावातला रोहू म्हणजे कोणीतरी सोडलेली बोटुकली, म्हणजे बोटाएवढे पिल्लू, मोठी झालेली असते. तो परत सोडणाऱ्यांचे म्हणूनच कौतुक वाटते, फक्त सोडताना हात ओले असावेत आणि बोटे कल्ल्यांत घालू नयेत.

मुलुंड

माझे बाबा अँगलिंग असोसिएशनचे सभासद होते आणि पवईला कणीक मळून देणे हे माझे लहानपणीचे काम होते. गर्दी गेल्यानंतरचा माझा अनुभव माशाचा नाही. नोव्हेंबरातल्या एका सकाळी ऊन पडल्यावर समोरच्या ओल्या उंचवट्यावर मगर येऊन पडली होती. बाबांनी शांतपणे दोन्ही काठ्या आवरल्या आणि आम्ही वीस हात मागे जाऊन डबा उघडला. ती दुपारपर्यंत हलली नाही. लोक असताना ती कुठे असते, हा प्रश्न मी तेव्हा विचारला होता, आणि बाबा म्हणाले होते, “येथेच.”

एक तक्रारही नोंदवते. गेल्या महिन्यात तेथेच एक पाणकावळा पायाला नायलॉनचा दोरा गुंडाळून लटकलेला दिसला. तो दोरा कुठल्या भाविकाचा नव्हता, आपल्यापैकीच कोणाचा तरी होता. तुटलेला दोरा खिशात घालून घरी न्यावा.

बोरिवली, पुन्हा

अंधेरीच्या ताईंचे कानांविषयीचे विवेचन पटले. एक भर घालतो. ओझार्क्सवर आवाजाने मासा पळत नसेलही, पण लाटांनी काठाची माती सुटून दहा-पंधरा हातांपर्यंत पाणी गढूळ होते, आणि नजरेने शिकार करणारा बास गढूळ पाण्यात आमिष पाहणार कसा?

चांदिवली, पुन्हा

ताईंचा सल्ला मानून आज प्रथमच पावणेसातला गेलो. माझ्या नेहमीच्या जागेवर दुसरे कोणी बसले होते. पलीकडे, जलपर्णीच्या कडेला जागा मिळाली. पाणी फिक्या चहाच्या रंगाचे, वारा नाही. सव्वासात ते नऊ : चार चिलापी, फ्लोट एकदा आडवा पडला, झटका उशिरा दिला. रोहू नाही. वहीत लिहिले आहे.